ऐंशीच्या आतली गंमत

नमस्कार मंडळी.

आयोजकांनी मला विषय दिला होता 'स्पोर्ट्स कार आणि मी'. मी म्हटलं, हा तर पाचवीतला निबंध झाला. त्यापेक्षा मी एका टेस्ट ड्राइव्हबद्दल सांगतो. ती पाऊण तासाची होती, माझी वेळही पाऊण तासाचीच आहे, म्हणजे हिशेब बरोबर.

गाडीचं नाव माझदा एमएक्स-५. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात, जपानात रोडस्टर. आपल्याकडे माझदा म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? बरोबर, स्वराज माझदा. शाळेची मिनीबस नाहीतर मालाचा टेम्पो. तेच नाव लावणारी जपानी कंपनी जगातली सर्वांत जास्त खपलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार बनवते, असं सांगितलं की लोक माझ्याकडे अजूनही संशयानं बघतात. पण २०१६च्या एप्रिलमध्ये हिरोशिमाच्या कारखान्यातून या गाडीचा दहा लाखावा नग बाहेर पडला. आणि नावाचं म्हणाल तर कंपनी सांगते की ते संस्थापक मात्सुदांच्या आडनावावरून जुळवलं आहे आणि अहुर मज्दावरूनही. म्हणजे आपल्या मुंबईच्या पारशी मंडळींचा देव. गाडी आपल्याकडे विकायला आलीच नाही, देव मात्र केव्हाचा आलेला आहे.

मी मँचेस्टरजवळ राहतो. कॉलेजात असल्यापासून या गाडीबद्दल मिळेल ते वाचत आलो. पहिली गाडी १९८९ साली शिकागोच्या मोटर शोमध्ये दाखवली, तिला उघड-मीट करणारे दिवे होते, इंजिन १६०० सीसीचं, हे सगळं मला पाठ होतं. चालवली मात्र एकदाही नव्हती. पोहण्यावरची सगळी पुस्तकं वाचून झालेल्या माणसासारखी माझी अवस्था होती. गेल्या वर्षी ऑक्टोबरात बायको म्हणाली, "एकदा जाऊन चालवून ये आणि मोकळा हो." मग एका शनिवारी आम्ही दोघं मॅकल्सफील्डला गेलो. तिथे एक जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचा विक्रेता आहे. गाडी होती २०१६ची, लाल, दीड लिटर इंजिनाची.

पहिला घोळ तिथेच झाला. गाडीला दोनच सीट. टेस्ट ड्राइव्हला विक्रेत्याचा माणूस सोबत असतोच. म्हणजे ज्या बाईनं मला ढकलत तिथवर आणलं, ती शोरूममध्ये मशीनचा चहा पीत बसणार. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्याचं वर्णन मी इथे करत नाही.

आता आत बसणं. आत बसणं म्हणजे खरं तर आत उतरणं. गाडीची उंची जेमतेम सव्वा मीटर. आधी बूड आत टाकायचं, मग पाय गोळा करायचे. बाहेर येताना हेच उलट, आणि तेव्हा चाळिशी झाल्याचं कळतं. त्या वर्षीच्या मॉडेलचं स्टिअरिंग फक्त वर-खाली होतं, पुढे-मागे होत नाही. त्यामुळे पेडलपर्यंत पाय नीट पोचवायचे तर स्टिअरिंग लांब राहतं, आणि स्टिअरिंग जवळ घ्यायचं तर गुडघे वर येतात. ही सोय कंपनीनं पुढच्या सुधारणेत दिली. डॅशबोर्डला कप्पा नाही. कुलपाचा एक छोटा कप्पा दोन्ही सीटच्या मध्ये, पाठीमागे. कपहोल्डर म्हणजे प्लास्टिकची दोन कडी, तीही बरोबर कोपराच्या मागे. गिअर टाकताना कोपर त्यात अडकतं. मी विचारलं, "इथे कॉफी ठेवतात?" तो माणूस अगदी गंभीरपणे म्हणाला, "नाही, इथे कॉफी सांडतात."

छप्पर मात्र मला फार आवडलं. कापडी आहे, मोटर नाही. आरशाच्या वरची एक कडी सोडायची, छप्पर हातानं मागे ढकलायचं, शेवटी तळव्यानं दाबायचं, खट्. बसल्या जागी, सिग्नल हिरवा व्हायच्या आत. जुनी लोखंडी खाट घडी करताना शेवटी बसते ना जागेवर, तसा आवाज. बाहेर नऊ डिग्री होतं. त्या माणसानं छप्पर उघडल्या उघडल्या हिटर पायांवर सोडला. डोकं थंडीत, पाय शेकोटीला. इंग्रज लोकांची ही रीत मला तोवर वेडेपणाची वाटत होती.

मॅकल्सफील्डहून बक्स्टनला जाणारा एक रस्ता आहे, ए५३७. डोंगरमाथ्यावरच्या 'कॅट अँड फिडल' या जुन्या पबवरून त्याला नाव पडलं. तो पब २०१५ साली बंद पडला आणि पुढे तिथे व्हिस्की गाळायला लागले. रस्ता म्हणजे वळणांची माळ आहे. मोटारसायकलवाल्यांनी तिथे इतका जीव धोक्यात घातला की सरकारनं ताशी पन्नास मैलांची मर्यादा घातली आणि सरासरी वेग मोजणारे कॅमेरे बसवले. एका कॅमेऱ्यापाशी हळू, पुढे सुसाट, ही आपली युक्ती तिथे चालत नाही. दोन कॅमेऱ्यांमधला वेळच मोजतात. पन्नास मैल म्हणजे ऐंशी किलोमीटर. स्पोर्ट्स कारची टेस्ट ड्राइव्ह, आणि ऐंशीच्या वर जायचं नाही. मला वाटलं, झालं, आता काय कळणार कपाळ.

पहिली पाच मिनिटं निराशेचीच गेली, खरं सांगतो. गाडी वेगवान नाही. १३१ पीएस, म्हणजे साधारण तेवढीच अश्वशक्ती. आपल्याकडच्या क्रेटाचं टर्बो पेट्रोल इंजिन १६० देतं. चढावर मी पाय दाबला, पाठ सीटला चिकटेल म्हणून वाट पाहिली, काहीच घडलं नाही. शेजारचा म्हणाला, "काट्याकडे बघा." या गाडीत बरोबर मधे, नाकासमोर, स्पीडोमीटर नसून आरपीएमचा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा काटा आहे. मी आपल्याकडच्या सवयीनं अडीच हजारावर गिअर वर टाकत होतो. पेट्रोल वाचवायची सवय रक्तात असते आपल्या. या इंजिनाची पूर्ण ताकद सात हजाराला येते. मी दुसऱ्या गिअरवर राहिलो आणि काटा चढू दिला. चार, पाच, साडेपाच. आवाज बदलला. रस्त्याच्या कडेला तिथे दगडांच्या कमरेएवढ्या भिंती आहेत, चुना न वापरता रचलेल्या. सायलेन्सरचा आवाज त्या भिंतीवर आपटून डाव्या कानात परत येत होता. मधेच शेताचं फाटक आलं की तेवढाच तुटायचा, आणि भिंत सुरू झाली की पुन्हा यायचा. फाटक, भिंत, फाटक, भिंत. आणि वेग किती होता? सत्तर.

गिअरबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण माझी खरी निराशा गिअरनं घालवली. पुढे इंजिन, त्याला जोडून गिअरबॉक्स, आणि ताकद मागच्या चाकांना. एरवी अशा गाडीत गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा भाग, आपापल्या ठिकाणी रबरावर डुलत असतात. इथे त्या दोघांना जोडणारी ॲल्युमिनियमची एक लांब चौकट आहे, पहिल्या गाडीपासून आहे. त्यामुळे पाय दाबला की मधे कोणी आळस देत नाही. दांडा एवढासा, टाकायला मनगट पुरतं, खांदा हलवावा लागत नाही. मी वाईचा, पसरणीच्या घाटात मारुती ८०० वर शिकलो. बाबा शेजारी बसायचे आणि म्हणायचे, "ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर." त्या दिवशी कॅट अँड फिडलवर मी गरज नसताना तिसऱ्याचा दुसरा आणि दुसऱ्याचा तिसरा करत होतो. शेजारच्या माणसानं ते ओळखलं असणार, पण काही बोलला नाही.

मग वळणं आली, आणि इथे माझं वाचन उघडं पडलं. प्रत्येक परीक्षणात या गाडीवर एक आक्षेप असतो: वळणावर फार कलते. स्पोर्ट्स कारनं कसं, रुळावरून गेल्यासारखं सपाट जावं. मीही हे वाक्य मित्रांना ऐकवत आलो होतो. पहिल्याच लांब डाव्या वळणावर गाडी कलली, चांगली कलली. मी घाबरून ब्रेकला पाय नेला. पण कलता कलता ती एका जागी येऊन टेकली. टेकली हाच शब्द. उजव्या बाजूच्या टायरवर भार आल्याचं मला कमरेतून कळलं, आणि अजून किती बाकी आहे तेही कळलं. दुसऱ्या वळणावर मी वाट पाहिली, टेकू दिली, आणि मग हळूच पाय दिला. टायर काही मोठे नाहीत, आपल्या बलेनोला असतात त्याच रुंदीचे. सीट मागच्या चाकांच्या अगदी पुढ्यात. एसटीत मागच्या चाकावरच्या सीटवर बसलात तर रस्त्यातला प्रत्येक खड्डा तुम्हाला नावानिशी भेटतो की नाही? तसंच, फक्त मणक्याला त्रास न देता. तिचं इलेक्ट्रिक स्टिअरिंग हलकं आहे आणि जरा मुकंच आहे, ते हाताला फारसं काही सांगत नाही. सांगायचं काम ते कलणं करतं. सपाट गेली असती तर मला काही कळलंच नसतं, आणि कळण्यासाठी मी वेग वाढवत राहिलो असतो.

माझदाचे लोक याला 'जिंबा इत्ताई' म्हणतात. घोडा आणि स्वार एक होणं. धावत्या घोड्यावरून बाण मारण्याची याबुसामे नावाची जपानी कला आहे, तिथला शब्द. इंग्रजी मासिकांना या शब्दाचं फार अप्रूप. दर वेळी अर्धं पान त्याचा अर्थ समजावण्यात जातं. मराठी माणसाला अर्धं पान कशाला हवं? आपल्याकडे शब्द आहे: मांड. मांड पक्की असलेल्या स्वाराला लगाम ओढावा लागत नाही. घोडा कुठे वळणार ते त्याच्या मांडीला आधी कळतं, आणि स्वाराच्या मनात काय आहे ते घोड्यालाही. ती कलून टेकण्याची गोष्ट म्हणजे मांड बसणं, दुसरं काही नाही. सिंहासनासारख्या उंच एसयूव्हीत आपण बसतो तेव्हा मांड नसते, नुसती बैठक असते. (हे मी एसयूव्हीवाल्यांना चिडवायला म्हणतो आहे. माझ्या भावाकडेही आहे.)

एक गोष्ट मला तिथे राहून राहून आठवत होती. ही गाडीच मुळात एका फेरीतून जन्माला आली. बॉब हॉल हा अमेरिकन मोटार-पत्रकार १९७९ साली माझदाच्या केनिची यामामोतोंना भेटला. यामामोतो म्हणजे माझदाचं रोटरी इंजिन, वर-खाली होणाऱ्या पिस्टनऐवजी गोल फिरणाऱ्या रोटरचं, घडवणाऱ्या चमूचे प्रमुख. काय बनवावं असं तुला वाटतं, या त्यांच्या प्रश्नावर हॉलनं उत्तर दिलं: जुन्या इंग्लिश गाड्यांसारखी हलकी, उघडी, स्वस्त दोन सीटची गाडी. तेव्हा इंग्लंडात त्या गाड्या मरणपंथाला लागल्या होत्या. १९८० साली अशा गाड्या बनवणाऱ्या एमजी कंपनीचा ॲबिंग्डनचा कारखानाही बंद झाला. पुढे यामामोतोंना कोणीतरी ट्रायम्फ स्पिटफायर ही तसलीच इंग्लिश गाडी चालवायला दिली आणि हाकोनेच्या घाटरस्त्यांवर ते ती चालवून आले. अहवाल वाचून नाही, त्या फेरीनंतर त्यांचं मन वळलं. म्हणजे इंग्लिश गाडी जपानी घाटात चालली, तिच्यापायी जपानी गाडी झाली, आणि आता ती इंग्लिश घाटात वाईचा माणूस चालवत होता. मेंढ्या बघत होत्या.

परतीला मी मुद्दाम थोडा सरळ, मोठा रस्ता घ्यायला लावला. तिथे ही गाडी कंटाळवाणी आहे. छप्पर लावलं तरी वाऱ्याचा आवाज एवढा, की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. डिकी १३० लिटरची. दोन बॅगा नीट बसतात, तिसरी मांडीवर. लांबी चार मीटरच्या आत असली तरी इंजिन बाराशे सीसीच्या वरचं, म्हणजे आपल्याकडच्या छोट्या गाडीच्या करसवलतीतही ती बसली नसती. आणि पुण्यातले स्पीडब्रेकर? तो विषय नको.

शोरूमला पोचलो. बायकोचा तिसरा चहा चालला होता. मी काही बोलायच्या आत ती उठली, माझ्या हातातून चावी घेतली आणि म्हणाली, "आता तू बस." विक्रेत्याचा माणूस निमूटपणे पुन्हा आत उतरला. मी आवारात एका १९९०च्या जुन्या गाडीपाशी उभा राहून तिचे दिवे उघडतात-मिटतात ते बघत होतो. तेवढ्यात दुरून चढावरचा तो आवाज आला. पाच हजार, साडेपाच. पहिल्याच चढावर. मला तिथवर यायला पाच मिनिटं आणि एक सूचना लागली होती.

पंचेचाळीस मिनिटांनी परत आली. केस विस्कटलेले, नाक लाल. मी मोठ्या उत्साहानं ते कलण्याचं, टेकण्याचं सांगायला लागलो. ती म्हणाली, "हो रे, कळलं ते. पण त्या लांब डाव्या वळणावर तू ब्रेक लावलास म्हणे. लागत नाही तिथे."

गाडी घेतली का, हे तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. घेतली. कागद तिच्या नावावर आहेत, शनिवारी सकाळी मला चावी मागून घ्यावी लागते, आणि कोपरामागचा तो कपहोल्डर तिनं पहिल्याच दिवशी उपटून माळ्यावर टाकला.