आधी टेप लावा, मग ठरवा: कन्व्हेन्शनल, सुमो की रोमानियन?

नमस्कार मंडळी! सांगलीतून बोलतोय. आजचा विषय डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा वजनाचा रॉड धरून सरळ उभं राहायचा व्यायाम. कन्व्हेन्शनल, सुमो, रोमानियन, ट्रॅप बार, यातला कुठला मारायचा आणि प्रकार बदलला की अंगात नेमकं काय बदलतं, ते बघू. पण त्याच्या आधी हा टेप.

[टेप कॅमेऱ्यासमोर धरून]

उद्या जिममध्ये गेलात की रॉडला नेहमीच्या प्लेटा लावा, खाली ठेवा आणि फरशीपासून रॉडच्या मध्यापर्यंत मोजा. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटीमीटर असतो. म्हणजे रॉड २२.५ सेंटीमीटरवर आला. आता ही इथली दहा किलोची लोखंडी प्लेट बघा. व्यास ३५. म्हणजे रॉड १७.५ वर. पाच सेंटीमीटर, साधारण दोन इंच खाली.

दोन इंचानं काय होतंय? होतंय की! एवढ्या खालून उचलण्याला डेफिसिट डेडलिफ्ट म्हणतात, आणि मुरलेले लिफ्टर तो मुद्दाम करतात, जमिनीपासूनची सुरुवात आणखी अवघड व्हावी म्हणून. आपण तोच प्रकार पहिल्या आठवड्यातल्या पोराला देतो, तोही न सांगता. मग त्याची कंबर गोल होते आणि चार जण बाजूला उभे राहून म्हणतात, "फॉर्म बघ रे जरा!" फॉर्म बघूच. पण आधी उंची बघा.

उपाय स्वस्तातला आहे. वखारीतून दोन इंच जाडीच्या दोन रुंद फळ्या आणा, खाली रबरी मॅट टाका आणि फळ्या प्लेटांखाली ठेवा. प्लेटांखाली बरं का! पायाखाली ठेवल्या तर खड्डा आणखी खोल होईल. काही जिममध्ये सहा-आठ कोनांच्या प्लेटा असतात. त्या वेगळीच डोकेदुखी. प्रत्येक रेपला (एकदा उचलून खाली ठेवलं की एक रेप) कोन वेगळ्या जागी टेकतो आणि रॉड पुढं-मागं सरकतो. तिथं प्रत्येक रेप सुटा मारा. खाली ठेवा, पाय परत लावा, मग उचला.

आणि रॉडसुद्धा एकदा वजनकाट्यावर ठेवा. ऑलिंपिक रॉड २० किलोचा असतो. जिममधला बारीक साधा रॉड त्याच्या निम्म्यावरही भरू शकतो. शंभर मारले म्हणून पेढे वाटायच्या आधी खात्री केलेली बरी.

हे सगळं एवढं का सांगतोय? कारण प्रकार बदलणं म्हणजे शेवटी रॉड, खुबा आणि गुडघा यांच्यातली अंतरं बदलणं. सुरुवातीची उंचीच चुकीची असेल, तर "मला कन्व्हेन्शनल सूट होत नाही" हे तुम्ही कशावरून ठरवलं?

आता कन्व्हेन्शनल. दोन पायांत खुब्याइतकं अंतर, हात गुडघ्यांच्या बाहेरून, रॉड बरोबर पावलाच्या मध्यावर. वरून बघितलं तर रॉड बुटाच्या लेसवर दिसला पाहिजे. खाली वाका, रॉड धरा, नडगी रॉडला टेकेपर्यंत गुडघे पुढं आणा आणि छाती वर काढा. खुबा आता जिथं आहे तिथंच राहू दे. हे शेवटचं वाक्य परत ऐका, कारण सगळ्यात जास्त गडबड इथंच होते. लोक खुबा अजून खाली नेतात, स्क्वॉटमध्ये बसल्यासारखा. उचलायला लागलं की तो खुबा आधी एकटाच वर येतो, वजन खालीच. मग उरतं ते सगळं कंबरेवर.

ही सवय येते कुठून? मला वाटतं, वेटलिफ्टिंग बघून. आपल्या सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थमध्ये ५५ किलो गटात रौप्य आणलं. स्नॅच (रॉड एका दमात डोक्यावर) ११३, क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) १३५, एकूण २४८ किलो. सोनं एका किलोनं हुकलं, तेही कोपर दुखावल्यावर. ते व्हिडिओ इथल्या पोरांनी पारायणं केल्यासारखे बघितलेत आणि बघावेतच. पण स्नॅच किंवा क्लीनची सुरुवात वेगळ्या कामासाठी असते. तिथं रॉड मांडीपर्यंत आला की झटका देऊन तो वर पाठवायचा असतो, म्हणून खुबा खाली आणि छाती जास्त उभी. डेडलिफ्टमध्ये रॉड मांडीशी आला की काम संपलं. एकाची सुरुवात दुसऱ्याला लावू नका.

आता हे जवळून बघा.

[कॅमेरा खाली, रॉड आणि प्लेटच्या जोडापाशी]

रॉड आणि प्लेटच्या भोकात थोडी फट असते. दिसली? मी अजून उचलत नाहीये, फक्त हात ताणतोय, काखा आवळतोय. ऐका... टक. रॉड भोकाच्या वरच्या कडेला टेकला. प्लेट अजून जमिनीवरच आहे, पण ढिलाई गेली. पोटात श्वास भरून, पोट घट्ट करून, त्या "टक"नंतर पायानं जमीन ढकलायची. रॉडला हिसका द्यायचा नाही. हिसका दिला तर ती ढिलाई तुमच्या पाठीतून निघते.

आणि रॉड पायाला चिकटून वर. मार्केट यार्डात हळदीचं पोतं उचलणारे हमाल बघा, पोतं अंगापासून लांब धरून कोणी उचलतं का? वजन तेवढंच असलं तरी अंगापासून लांब गेलं की कंबरेवरचा भार वाढतो. नडगीची साल निघते म्हणून रॉड पुढं धरू नका, लांब मोजे घाला.

सुमोकडं येऊ. पाय एकमेकांपासून लांब, पंजे बाहेर वळवलेले, हात गुडघ्यांच्या आतून. "सुमो म्हणजे चीटिंग" असं म्हणणारा एक तरी गडी प्रत्येक जिममध्ये असतोच. पॉवरलिफ्टिंगच्या (स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्टची स्पर्धा) नियमात दोन्ही चालतात. अमेरिकेच्या एड कोननं १९९१ मध्ये सुमोनं ९०१ पौंड, म्हणजे जवळपास ४०९ किलो उचलले, ते १०० किलोच्या आसपास वजन असताना. त्याला चीटर म्हणायला जरा दम लागेल.

सुमोत रॉड वर न्यायचं अंतर कमी होतं हे खरं. पण त्याची किंमत जमिनीपाशीच मोजावी लागते. धड जास्त उभं राहतं, त्यामुळं कंबरेवरचा ताण कमी आणि मांडीच्या पुढच्या व आतल्या स्नायूंवर काम जास्त. रॉड जमीन सोडताना जीव जातो, गुडघ्याच्या वर आला की सुटल्यासारखं वाटतं. कन्व्हेन्शनलमध्ये बऱ्याच जणांचं उलटं, गुडघ्यापाशी अडकतं. म्हणून सुमोत घाई केली की फसलंच. गुडघे पंज्यांच्या दिशेनंच बाहेर राहिले पाहिजेत. ते आत पडत असतील तर पाय थोडे जवळ घ्या. प्लेटांना अंगठे टेकतील इतके लांब पाय घ्यायची गरज प्रत्येकाला नसते.

एक धोका इथल्या जिमसाठी खास सांगतो: गुळगुळीत फरशी. सुमोत पाय बाहेर ढकलले जातात, आणि फरशीवर पावडर सांडलेली असेल तर पाय सरकतो. मॅटवरच मारा.

कोणाला काय जमेल? शरीराची ठेवण बघा. लांब हात आणि आखूड धड असलेल्याला कन्व्हेन्शनल सोपा जातो. लामार गँट नावाचा अमेरिकन लिफ्टर, पाठीच्या कण्याला बाक. त्यानं १९८५ मध्ये स्वतःच्या वजनाच्या पाचपट डेडलिफ्ट मारला, असं करणारा पहिला माणूस. त्याचे हात इतके लांब की वर उभा राहिला तरी रॉड जवळजवळ गुडघ्यापाशीच. उलट लांब धड, आखूड हात असेल तर सुमो करून बघा. तालमीत बैठका काढलेल्या पोरांचे खुबे मोकळे असतात, त्यांना सुमोत बसायला त्रास कमी होतो, असं मला तरी दिसतं.

रोमानियन मात्र या भांडणात पडतच नाही. तो वरून सुरू होतो. उभे राहा, गुडघे किंचित सैल, आणि खुबा मागं न्या, जणू पाठीमागची कपाटाची दारं ढुंगणानं लावताय. रॉड मांडीला घासत नडगीच्या मध्यापर्यंत, मांडीच्या मागं ताण आला की परत वर. जमिनीला टेकवायचा नाही. नाव पडलं रोमानियाच्या निकू व्लादमुळं. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सोनं मिळवलेला हा वेटलिफ्टर पुढं अमेरिकेत गेला, तिथल्यांनी त्याला हा व्यायाम करताना बघितलं आणि देशाचंच नाव देऊन टाकलं. घरी डंबेलवरही होतो. माझं मत विचाराल तर नवशिक्यानं पहिला हाच शिकावा, खुबा मागं नेणं म्हणजे काय ते यातून कळतं.

ट्रॅप बार आपल्याकडं फार कमी जिममध्ये दिसतो. त्यात आपण मध्ये उभे, हँडल दोन्ही बाजूंना, नडगीला रॉड लागायचा प्रश्नच नाही. कुपवाड एमआयडीसीत वेल्डिंग करून घेऊ म्हणणारे भेटतात. घ्या, पण दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या आहेत का, ते बघा आणि वेल्डिंग पक्कं असल्याशिवाय जड वजन लावू नका.

पकड. हलक्या सेटला दोन्ही तळवे स्वतःकडं. जड झालं की एक तळवा बाहेर, पण त्या हाताचं कोपर वाकवायचं नाही, बायसेप्स फाटतो तो तिथंच. रोमानियनला स्ट्रॅप (मनगटातून रॉडला गुंडाळायचे पट्टे) लावले तरी चालेल, तिथं काम मांडीच्या मागच्या स्नायूचं आहे, बोटांचं नाही.

आता आजमावायचं कसं? सोमवारी सुमो, गुरुवारी कन्व्हेन्शनल, रविवारी स्नॅच ग्रिप (हात खूप लांब ठेवून धरायचा प्रकार), असला बाजार मांडू नका. एक मुख्य प्रकार घ्या आणि सहा ते आठ आठवडे तोच. आठवड्यातून एकदा जड, तीन ते पाच रेप्सचे सेट. दुसऱ्या एका दिवशी हलका रोमानियन, आठ-दहा रेप्स. नवीन प्रकार जुन्या वजनाच्या साठ टक्क्यांच्या आसपास सुरू करा आणि दर आठवड्याला अडीच किंवा पाच किलो वाढवा. पहिल्या दिवशी सुमो कमी उचलला म्हणून सोडून दिलात तर ती तुलनाच नव्हे. दोन्हीकडं उंची तीच, रॉड तोच, बूटही तेच ठेवा. जाड, मऊ सोलचे रनिंग शूज काढून ठेवा, पातळ सपाट सोल किंवा अनवाणी.

कंबर थकणं वेगळं आणि कंबरेतून पायात कळ उतरणं वेगळं. कळ किंवा मुंग्या येत असतील तर प्रकार बदलू नका, थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

सेटचा व्हिडिओ काढताना मोबाईल समोर नको, बाजूला ठेवा, खुब्याच्या उंचीवर, प्लेटेपासून थोडा मागच्या कोनात, म्हणजे प्लेटेआड पाय झाकला जाणार नाही. पहिला रेप नको, शेवटचा बघा. आणि फळ्या परत भिंतीला लावून ठेवा, नाहीतर मालक माझ्या नावानं शंख करतील.