आयसीयूच्या दारापलीकडे

हा आवाज ऐका. मॉनिटरचा. आणि त्याच्या मागे तो दुसरा, व्हेंटिलेटरचा, हवा आत जाते, जरा थांबते, बाहेर येते. आयसीयूबाहेर बाकावर बसून ज्याने दिवस काढलेत त्याच्या कानातून हा आवाज लवकर जात नाही. आणि तिथे बसल्यावर मनात एकच असतं, डॉक्टर, जे जे करता येईल ते सगळं करा.

बरीच वर्षं डॉक्टरांनाही तसंच वाटायचं, की जेवढं जास्त करू तेवढं चांगलं.

१९५२ साल, कोपनहेगन, पोलिओची साथ. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले पेशंट रोज येतायत आणि मशीन मात्र मोजकीच. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांनी सांगितलं, गळ्याला छेद देऊन नळी घाला आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा द्या. मेडिकलचे जवळपास दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पेशंटच्या उशाशी बसून पिशवी दाबत राहिले, आणि आधी शंभरातले ऐंशीहून जास्त दगावत होते ते प्रमाण निम्म्यावर आलं. आजचं आयसीयू तिथूनच सुरू झालं म्हणा ना.

पुढे हातांची जागा मशीनने घेतली. मग प्रश्न आला, हवा द्यायची किती?

फुफ्फुसाला भयंकर सूज येते, त्यात पाणी भरतं, तेव्हा हवा घ्यायला जागाच थोडी उरते, मोठ्या माणसाच्या छातीत जणू बाळाचं फुफ्फुस. आणि त्यात आपण मोठे मोठे श्वास भरत होतो, कारण रक्तातला ऑक्सिजन छान दिसायचा. अमेरिकेत ८६१ पेशंटवर हे तपासलं, निम्म्यांना वजनाच्या किलोमागे १२ मिलिलिटरचा श्वास, निम्म्यांना फक्त ६ चा. २००० साली निकाल आला. मोठ्या श्वासाच्या गटात जवळपास ४० टक्के गेले, छोट्या श्वासाच्या गटात ३१. आणि मला सगळ्यात हलवून टाकणारी गोष्ट ही, की पहिल्या काही दिवसांत ऑक्सिजनचे आकडे मोठ्या श्वासवाल्यांचेच चांगले होते! म्हणजे रिपोर्ट बघून जीव भांड्यात पडत होता आणि आत फुफ्फुस ताणलं जाऊन फाटत होतं. तुलना केली नसती तर हे कुणाला कळलंच नसतं.

अशा अभ्यासात पेशंट बहुतेकदा बेशुद्ध असतो, त्यामुळे फॉर्मवर सही करते ती बायको, मुलगा, बहीण. आपल्या माणसाचं काय होणार हेच माहीत नाही अशा वेळी त्यांनी सही केली, म्हणून आज छोटा श्वास देतात. त्या माणसांचे उपकार खरंच मोठे आहेत.

साखरेचंही तेच झालं. रक्तातली साखर अगदी नॉर्मलला घट्ट धरून ठेवायची असा आग्रह होता, २००९ मध्ये सहा हजारांवर पेशंटच्या अभ्यासात दिसलं की त्या गटात मृत्यू उलट जास्त झाले, २७.५ टक्के, आणि थोडी सैल ठेवली तिथे २४.९.

आणि झोपेचं औषध. नळी घशात असताना त्रास नको म्हणून पेशंटला दिवसचे दिवस गाढ झोपवून ठेवायचे, हेतू चांगलाच होता हो. शिकागोत १२८ पेशंटवर करून बघितलं, एका गटात रोज एकदा औषध बंद करून जाग येऊ द्यायची. व्हेंटिलेटरचे दिवस सातच्या वरून पाचच्या खाली आले. नंतर २००९ मध्ये त्याच जागेपणाच्या वेळात व्यायामही सुरू केला, तर घरी जाताना स्वतःची कामं स्वतः करू शकणारे ३५ टक्क्यांवरून ५९ वर गेले.

आता हे बघा. सिस्टरने झोपेच्या औषधाचा पंप थांबवलाय. ती पेशंटचा हात धरून उभी आहे, नावाने हाक मारतेय, डोळे उघडा, माझा हात दाबा. पापणी हलते. बोटं हलतात, आधी एक, मग सगळी. फिजिओथेरपिस्ट पाठीमागून आधार देतो, नळ्या एक जण सांभाळतो, आणि घशात नळी असतानाच त्यांना कॉटच्या कडेला बसवतात. पाय खाली जमिनीला टेकतात. मान डुगडुगतेय. पहिल्या दिवशी एवढंच, दोन-तीन मिनिटं, मग हळूच परत आडवं करतात आणि सिस्टर चार्टवर वेळ लिहून ठेवते.