वटवट्याच्या घरची लेक
(अंबाजोगाईत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, सेशेल्सचा वटवट्या पडद्यावर दाखवावा, असं त्याच्यात काहीच नाही. चिमणीपेक्षा लहान, मळकट हिरवा-तपकिरी, बारीक चोच. हिवाळ्यात आपल्याकडे झुडपांत ‘चक् चक्’ करत फिरणारा बोरू वटवट्या कुणी पाहिला असेल, तर हा त्याच्याच भावकीतला. आपला पाहुणा मध्य आशियातून हजारो किलोमीटर उडून येतो. हा मात्र समोर दीडेक किलोमीटरवर दिसणाऱ्या बेटावरही जात नाही.

१९६८ साली हे पक्षी जगात तीसहून कमी उरले होते, आणि तेही सगळे हिंदी महासागरातल्या कझिन नावाच्या एकाच बेटावर. बेट केवढं? तीस हेक्टरही नाही. आपल्याकडे एखाद्या मोठ्या खटल्याचं रान तेवढं भरेल! खोबऱ्यासाठी तिथलं मूळ जंगल काढून माड लावले होते. हा पक्षी पानांच्या खालच्या बाजूचे किडे टिपून जगतो. माडाच्या झावळ्यांत त्याचं पोट कसं भरणार? त्या वर्षी पक्षीरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं बेट विकत घेतलं. माड हटवले आणि मूळची झाडं पुन्हा वाढू दिली. पिंजरे नाहीत, दाणापाणी नाही. १९८२ पर्यंत पक्षी तीनशेच्या घरात गेले. आपल्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची, म्हणजे बाहेरून आणलेल्या ग्लिरिसिडियाची, रोपं मोजणाऱ्यांनी एकदा त्यांची पानं उलटूनही बघावीत.

आता बेट भरलं. नव्या जोडप्याला जागा मिळेना, म्हणून वयात आलेली पिल्लं आईबापांकडेच राहू लागली. त्यांत लेकी जास्त. त्या धाकट्या भावंडांना भरवतात, अंडं उबवायलाही बसतात. पण किडे कमी असलेल्या जागेत हीच लेक जड जाते, कारण तीही तिथलंच खाते.

मादी बहुधा एकच अंडं घालते. या पक्ष्याचे अभ्यासक यान कोमडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिल्लांच्या रक्तावरून नर-मादी ओळखली. १९९७ मध्ये त्यांनी आकडे मांडले: कमी किड्यांच्या जागेत शंभरांत ७७ नर, भरपूर किड्यांच्या जागेत फक्त १३. कमी किड्यांच्या जागेतली जोडपी उचलून चांगल्या जागेत नेली, तर त्याच माद्यांना मुली होऊ लागल्या. घरात आधीच दोन मदतनीस असले, की पुन्हा मुलगे. पक्ष्यांत पिल्लाचं लिंग आईच्या बीजावरून ठरतं, हे खरं. पण ही मादी ते नेमकं कसं साधते, हा प्रश्न तिथं संपत नाही. चांगल्या घरात मुलगी हवी, हे मी बीड जिल्ह्यात उभं राहून सांगतोय, यावर अधिक बोलत नाही.

१९८८ मध्ये २९ पक्षी आरिद बेटावर नेले. नंतर कझिनशेजारचं कुझीन, डेनिस आणि फ्रिगेट या बेटांवरही नेले. आज त्यांची संख्या हजारांत आहे. पण मला जास्त मजा वाटते ती मागे कझिनवर झालेल्या धावपळीची. जोडपी उचलली आणि रिकाम्या झालेल्या जागा काही तासांतच घरी थांबलेल्या पोरांनी बळकावल्या. त्यातही चांगल्या जागेत वाढलेल्यांनी हलक्या जागा नाकारल्या आणि आईबापांकडेच थांबून वाट पाहिली.