टेन-सिक्स्टी का फाइव्ह-एटी? सोलापुरात जुनं ग्राफिक्स कार्ड घेताना

(सोलापुरात कॉलेजच्या पोरांसमोर केलेलं हे बोलणं. उतरवून घेताना थोडी काटछाट केलीय, बाकी बाज बोलण्याचाच ठेवलाय.)

तर मंडळी, आज दोनच कार्डांबद्दल बोलायचंय, जीटीएक्स १०६० आणि आरएक्स ५८०. तुमच्यातले निम्मे म्हणतील, दादा एवढी जुनी कार्डं घेऊन काय करायचं, आणि उरलेल्या निम्म्यांनी ती आधीच बघून ठेवलेली असतील, कारण नवीन कार्डाचे भाव विचारले की माणूस आपोआप सेकंडहँडवर येतो. माझ्या दुकानात रोज एक तरी पोरगं हेच विचारायला येतं, की ह्या दोघात भारी कुठलं. मी म्हणतो, तुझा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, कुठला ते आधी सांग. त्याला वाटतं मी विषय बदलतोय. पण खरा विषय तोच आहे बघा, कारण ही दोन कार्डं एफपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम दाखवतात त्यात, इतकी जवळ आहेत की फरक कार्डात कमी आणि कार्डाच्या आजूबाजूला जास्त आहे.

आधी कुंडली बघू, पटापट. १०६० सहा जीबी आलं जुलै २०१६ मध्ये, एनव्हिडियाच्या पास्कल पिढीतलं, १२८० कुडा कोर (हिशेब करणारे छोटे कोर), १९२ बिट बस (मेमरीचा रस्ता), १२० वॉट, किंमत २४९ डॉलर. ५८० आलं एप्रिल २०१७ मध्ये, एएमडीचं पोलारिस, म्हणजे आदल्या वर्षीच्या ४८० चाच क्लॉक (चालायचा वेग) वाढवून काढलेला भाऊ, २३०४ शेडर (तसल्याच कोरांचं दुसरं नाव), आठ जीबी, २५६ बिट बस, १८५ वॉट, आणि किंमत २२९ डॉलर. डॉलर आपल्याला काय कामाचे म्हणाल, पण दोघं एकाच गिऱ्हाइकासाठी काढलेले होते हे त्यातनं कळतं.

आता गंमत अशी की कागदावर ५८० लई पुढं आहे. सेकंदाला किती हिशेब होतात त्यात ६.२ टेराफ्लॉप्स विरुद्ध ४.४, मेमरीचा वेग सेकंदाला २५६ जीबी विरुद्ध १९२. एवढा फरक असताना गेममध्ये दोघं बरोबरीत का? एक तर १०६० चा क्लॉक वर आहे, बूस्ट १७०८ मेगाहर्ट्झ, ५८० चा १३४०. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, ते म्हणजे डायरेक्टएक्स ११ (डीएक्स ११), गेम ज्यातनं कार्डाला काम सांगतो तो विंडोजचा मार्ग. त्यात एएमडीचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) सीपीयूच्या एकाच कोरवर बराच भार टाकायचा, म्हणजे कार्डाची ताकद असूनही त्याला काम वेळेवर पोचायचं नाही. एनव्हिडियाचा ड्रायव्हर ते काम कोरांमध्ये वाटून द्यायचा. म्हणून त्या काळातल्या डीएक्स ११ गेममध्ये १०६० पुढं, आणि डीएक्स १२ किंवा व्हल्कनचा (तसलाच दुसरा मार्ग) गेम लावला की ५८० पुढं. डूमला जुलै २०१६ मध्ये व्हल्कनचा पॅच आला तेव्हा एएमडीच्या कार्डांचे एफपीएस एकदम वर गेले होते, जुन्या लोकांना आठवत असेल.

हे सोलापुरात कुठं लागू पडतं सांगतो. आपल्याकडं बरीच पोरं रिफर्बिश्ड ऑफिस पीसी घेतात, तिसऱ्या-चौथ्या पिढीचा आय ५, आणि त्यात कार्ड घालायचं ठरवतात. सीपीयू जुना, वर गेम जीटीए ५ सारखा डीएक्स ११ चा, मग तिथं १०६० बरं पडतं, आकडा थोडा कमी-जास्त असेल पण मधेच जो झटका बसतो ना तो कमी बसतो. हां, पण त्या डब्यातला एसएमपीएस आधी उघडून बघा. त्याच्यात बऱ्याचदा कार्डाला द्यायची सहा पिनची वायरच नसते, आणि वॉट अडीचशेच्या आसपास. मग पोरं मोलेक्सवरून, म्हणजे जुन्या चार पिनच्या वायरीवरून, कन्व्हर्टर लावतात. तसं करू नका, पिन वितळलेले कन्व्हर्टर माझ्या खणात आहेत, कुणाला बघायचे असतील तर या.

एसएमपीएसचं अजून थोडं सांगतो, मग पुढं जाऊ. लोकल एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० किंवा ५०० वॉट छापलेलं असतं, ते वाचायचंच नाही. खाली तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिलंय ते बघायचं आणि १२ ने गुणायचं. समजा १८ अँपिअर आहे, तर झाले २१६ वॉट. आता त्याच १२ व्होल्टवर सीपीयू चालतो, ६५ वॉट धरा, आणि वर ५८० चे १८५. झाले अडीचशे. म्हणजे वर काही छापू दे, हा एसएमपीएस ५८० ला पुरत नाही. १०६० चे १२० आणि सीपीयूचे ६५ मिळून १८५, म्हणजे काठावर का होईना पण बसतं. कंपन्यांनी स्वतः सांगितलेला आकडा १०६० ला ४०० वॉटचा एसएमपीएस आणि ५८० ला ५०० चा, पण तो चांगल्या एसएमपीएससाठी, आपल्या ह्या स्टिकरवाल्यासाठी नव्हे. तर ५८० हजारभर स्वस्त मिळालं म्हणून उड्या मारणाऱ्यानं त्यात नवीन एसएमपीएसचे पैसे धरून परत हिशेब करावा.

लाइट बिलाचा प्रश्न समोरून आलाच आहे, तर तोही करून टाकू. दोघांत फरक ६५ वॉटचा. रोज चार तास खेळलात, घरचे खेळू देत असतील तर, तर २६० वॉट-अवर, महिन्याला ७.८ युनिट. हिशेब सोपा जावा म्हणून युनिटला दहा रुपये धरा, ७८ रुपये झाले. वर्षाला नऊशे-साडेनऊशे. जीव जाईल एवढे नाहीत, पण पाच-सहा हजारांच्या वस्तूत वर्षाला नऊशे म्हणजे अगदीच सोडून द्यायचेही नाहीत.

बिलापेक्षा आपल्याला जास्त छळतं ते ऊन. पुण्यात बसून लिहिणाऱ्यांच्या टेस्ट एसीच्या खोलीतल्या असतात. कार्डाचं तापमान खोलीच्या वर मोजायचं असतं. समजा तुमचं कार्ड लोडवर खोलीपेक्षा ४० डिग्री वर जातं. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत खोली २५ असेल तर कार्ड ६५, एकदम निवांत. तेच कार्ड मे महिन्यात, वर पत्रा, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस, खोलीत ४० धरा, गेलं की ८० ला. १०६० हे ८३ च्या आसपास स्वतःहून क्लॉक खाली घ्यायला लागतं. म्हणजे जानेवारीत मिळालेले एफपीएस मेमध्ये मिळत नाहीत आणि पोरगं म्हणतं कार्ड खराब झालं. खराब काही नाही झालेलं. ५८० च्या बाबतीत तर तो जादाचा ६५ वॉट त्याच खोलीत हीटर लावल्यासारखा आहे, खेळणाऱ्यालाच घाम फुटतो.

ह्याला उपाय आहे आणि तो फुकट आहे. ५८० ला कंपनीनं व्होल्टेज सढळ हातानं दिलेलं असतं. एएमडीच्याच सॉफ्टवेअरमध्ये जाऊन व्होल्टेज थोडं थोडं कमी करायचं, प्रत्येक वेळी अर्धा तास गेम चालवून बघायचा, हँग झालं की एक पायरी मागं यायचं. बऱ्याच नगांत तीस-चाळीस वॉट वाचतात आणि एफपीएस आहे तिथंच राहतात. आणि मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर एफपीएस ६० ला बांधून टाका. व्हॅलोरंटमध्ये दोनशे एफपीएस आले म्हणून खूश होतात, मॉनिटर दाखवणार साठच, बाकीची नुसती उष्णता.

धुळीचं एक आपल्याकडचं वेगळंच आहे. पूर्व भागातनं, एमआयडीसीच्या बाजूनं कार्डं येतात ना, टॉवेलच्या, चादरीच्या कारखान्याशेजारच्या घरातली, त्यांच्या हीटसिंकमध्ये साधी धूळ नसते, सुताचा फुलोरा असतो. पंखा काढला की पात्यांच्या खाली करड्या रंगाची एक सलग गादी बसलेली दिसते, चिमटीनं धरली तर अख्खी उचलून येते. हवा जाणार कुठनं? ब्लोअर मारण्याआधी तो थर हातानं काढा, आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर पंखा भन्नाट फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. नंतर थर्मल पेस्ट नवीन लावा. एवढ्यानं दहा-बारा डिग्री उतरलेलं कार्ड मी बघितलंय.

आता मेन मुद्दा, नग ओळखायचा कसा. कारण नाव ५८० असलं म्हणून कार्ड ५८० असतंच असं नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी २०४८ शेडरचं एक ५८० काढलं, म्हणजे आतनं ते ५७० च. ऑनलाइन जी 'नवी कोरी' स्वस्त ५८० दिसतात त्यातली बरीच हीच. वाईट कार्ड आहे असं नाही, पण पैसे ५७० चे द्या. १०६० मध्येही तसंच, तीन जीबीचं जे आहे त्यात नुसती मेमरी कमी नाही, कोरही ११५२ च आहेत, आणि आजच्या गेमला तीन जीबी म्हणजे विषयच संपला. ते अर्ध्या किमतीत मिळालं तरी घेऊ नका, हे माझं मत, भांडायचं असेल तर नंतर भांडू.

आणि तिसरा प्रकार सरळसरळ बनावट. २०१० च्या सुमाराचं जीटीएस ४५० किंवा तसलं काहीतरी घ्यायचं, त्याचं बायॉस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलायचं, विंडोजला नाव दाखवायचं १०६०. हे पकडायला जीपीयू-झेड नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, पेनड्राइव्हवर घेऊन जा. शेडरचा आकडा बघा, १०६० ला १२८०, ५८० ला २३०४. नवीन व्हर्जन तर बनावट कार्डाच्या नावापुढं तसं लिहूनच दाखवतं. सॉफ्टवेअर नसलं तर मागनं बघा. १०६० म्हणून देतायत आणि मागं निळं व्हीजीए पोर्ट आहे, तर नमस्कार करून उठा, पास्कल पिढीत ॲनालॉग आउटपुट ठेवलेलंच नाही. ह्याचाच दुसरा अर्थ असा, की घरी जुना व्हीजीएवाला मॉनिटर असेल तर तुम्हाला एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर लागणार, दोन्ही कार्डांना.

मायनिंगचं, म्हणजे कार्ड चालवून क्रिप्टो चलन कमवायचं, सगळेच विचारतात. इथेरियमला मेमरी लागायची, म्हणून पोलारिसची कार्डं मायनरवाल्यांची लाडकी होती. डिसेंबर २०२० च्या सुमारास चार जीबीची कार्डं त्या कामातनं बाद झाली, आठ जीबीची चालत राहिली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमनं मायनिंगच बंद केल्यावर तो सगळा माल बाजारात आला. तर तुम्ही बघताय ते आठ जीबीचं ५८० मायनिंगमधलं असण्याची शक्यता चांगलीच आहे असं धरूनच चला. त्याला घाबरायचं नाही, पण तपासायचं. पंख्याला खरखर आहे का, मेमरीच्या पॅडमधनं तेल सुटलंय का, स्क्रूवर पाना फिरल्याच्या खुणा आहेत का. मायनिंगचं बायॉस टाकलेलं असेल तर गेममध्ये ठिपके येतात किंवा पडदा काळा होतो, काही मॉडेलवर बायॉस बदलायचं छोटं बटण असतं, ते दुसरीकडं सरकवून बघा. आणि अर्धा तास लोडवर चालवल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. हीटगननं शेकून चालू केलेलं कार्ड पाच मिनिटं गोड चालतं. विकणारा म्हणाला लाइट नाही, तर लाइट आल्यावर या.

मग आठ जीबीचा फायदा काय? टेक्श्चर, म्हणजे गेममधल्या वस्तूंवरची चित्रं. टेक्श्चर वाढवलं तर मेमरी भरते पण एफपीएस फारसे पडत नाहीत, जोवर मेमरी पुरते तोवर. पुरली नाही की झटके. नव्या गेममध्ये सहा जीबी भरतात आणि ५८० ला जागा उरते, तिथं ते पुढं जातं. पण फार स्वप्नं नकोत. सायबरपंक २०७७ हा गेम २०२० मध्ये आला तेव्हा १०६० रेकमेंडेडच्या ओळीत होतं, २०२३ मध्ये त्यांनी यादी बदलली आणि १०६० सहा जीबी, ५८० आठ जीबी दोघं शेजारी शेजारी मिनिममच्या ओळीत येऊन बसले. ज्या गेमला हार्डवेअर रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा प्रकाश दाखवायची सोय) लागतंच, ते दोन्हीवर चालणार नाहीत. ड्रायव्हरचंही तेच, पोलारिसला २०२३ पासून एएमडीनं बाजूला काढलंय, आणि पास्कलचा शेवटचा गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ चा, पुढं २०२८ पर्यंत फक्त सिक्युरिटी अपडेट. लिनक्सवाले कोणी असतील तर त्यांनी मात्र डोळे मिटून ५८० घ्यावं, ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, आणि ओपन सोर्सवाले लोक अजून त्याच्यावर काम करतायत.

उलट ब्लेंडर, म्हणजे थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर, शिकणाऱ्यांनी १०६०. ब्लेंडर ३.० पासून ओपनसीएल, ज्यातनं एएमडीची कार्डं चालायची ते, काढून टाकलं, त्यामुळं सायकल्सचं (ब्लेंडरच्या रेंडर इंजिनचं) रेंडर ५८० वर होतच नाही, सीपीयूवर बसून राहतं. १०६० वर कुडा चालतं. स्ट्रीमिंगलाही एनव्हिडियाचा एन्कोडर (व्हिडिओ दाबून लहान करणारा भाग) जास्त चांगला.

मागनं प्रश्न आलाय, की दादा, ह्याच्यापेक्षा थोडे पैसे टाकून आरटीएक्स २०६० का नको? हवंच की! १६० वॉट, डीएलएसएस (एआयनं एफपीएस वाढवायची सोय), रे ट्रेसिंग, सगळं आहे. 'थोडे' पैसे कुणाचे तेवढं घरी विचारून या.

आणि हे पुढं बसलेले काका विचारतायत, पोराचा जुना आय ३ आहे, एसएमपीएस लोकल, पोरगं बारावीत, कुठलं घेऊ. काका, परीक्षा होऊ द्या, मग १०६० सहा जीबी. तेही त्याच एसएमपीएसचं लेबल मला दाखवल्यावर. बाकी ज्यांनी लेबलचे फोटो काढून आणलेत त्यांनी टेबलाजवळ या, आणि कार्डच पिशवीत घालून आणलंय त्यांनी आधी या, जीपीयू-झेड चालू करून ठेवलंय.