ताटात बसलेले घरमालक

पत्रिकेवर माझा विषय ‘उतारवयातील आहार आणि ताटाची मांडणी’ असा छापलाय. तो सचिवांनी दिलेला. मी कळवला होता ‘आईच्या ताटात नाक-डोळे’. तो त्यांना जरा पोरकट वाटला असावा. असो. मी आहारतज्ज्ञ नाही, आयुष्यभर चित्रकला शिकवलेला माणूस आहे. त्यामुळे कॅलरी वगैरे ऐकायला कुणी वही घेऊन आलं असेल, तर वही मिटा. शेवटच्या रांगेतल्या काकूंनी मिटलीसुद्धा!

माझं म्हणणं एवढंच, की आपण मराठी माणसं अन्नाशी मनसोक्त खेळतो, पण ज्यांनी आपल्याला भरवलं त्यांच्यासाठी खेळत नाही. बघा ना. चैत्रगौरीपुढे कलिंगडाची कमळं कापतो. मोदकाच्या कळ्या मोजतो, आणि दुसऱ्याच्या मोदकाच्या तर जरा जास्तच मोजतो. रुखवतात साखरेचं तुळशीवृंदावन मांडतो. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने. आता हलव्याला काटा आणायचा म्हणजे मंद आचेवर पाकाचे थेंब सोडत तासन्‌तास हात फिरवत बसायचं, बोटं भाजून घ्यायची. आमच्याकडे या कामाला पुरुष कधीच बसले नाहीत. ते ‘पांढराशुभ्र झालाय हं’ म्हणायला यायचे. बोरन्हाणाला बाळाला त्याच हलव्याचा मुकुट, बासरी. म्हणजे देव झाला, व्याही झाले, सून झाली, बाळ झालं. आणि ऐंशी वर्षांच्या आईला? डबा उघडून, ‘जेवून घे, पुन्हा गरम करणार नाही.’

हसू नका, पुढच्या रांगेत काही चेहरे उतरलेत.

आमच्या आईचं जेवण हळूहळू कमी होत गेलं. दुखणं काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वयानं वास आणि चव मंदावतात, भूक कमी होते, थोडं थोडं द्या. थोडं दिलं तरी ती भात बोटानं कडेला सारायची. एका दुपारी मी मूद पाडली आणि कंटाळून तिला चेहरा काढला. टक्कल आयतंच होतं. कढीपत्त्याच्या भुवया, काकडीच्या चकत्यांचे डोळे, त्यात मोहरीची बुबुळं, गाजराचं नाक. मिशा कारल्याच्या, मऊ शिजवलेल्या, दोन्ही टोकं वर वळवलेली. आईनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, “हे तर आपले मालक!”

मालक म्हणजे आमच्या जुन्या वाड्याचे घरमालक. आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. अंगणात सगळ्यांना मिळून एक नळ, आणि सकाळी सात वाजले की मालक स्वतः येऊन त्याला कुलूप घालायचे. सातला म्हणजे सातला. बादली निम्मी भरलेली असली तरी. माझ्या मुंजीच्या दिवशी घरात पाहुणे दाटलेले असतानासुद्धा कुलूप पडलं होतं, आणि आई शेजारच्या आळीतून डोक्यावर हंडा घेऊन आली होती. वाड्याच्या जागी आता सात मजली इमारत आहे. टँकर येतो म्हणे रोज! मला त्याचा आनंद होतो, हे अध्यक्षांनी इतिवृत्तात घेऊ नये.

तर आई म्हणाली, “याच्या मिशा आधी दे.” मिशा खाल्ल्या. मग नाक. मग वरणाची वाटी टकलावर ओतून, “घे, पाणी पाहिजे होतं ना?” असं म्हणून सगळी मूद संपवली.

त्यानंतर माझा पोटापाण्याचा उद्योगच तो झाला. थालीपिठाची घूस, मऊ घावनावर चटणीनं काढलेली शेजारीण, मुगाच्या खिचडीतला निवडणुकीचा उमेदवार. त्याचे हात मी मुद्दाम जोडलेले ठेवले होते.

एकदा आत्या आली. आमची आत्या म्हणजे सोवळं. ताट तिच्या नजरेत एकच असतं: डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मधे भात. इथे चटणी भाताच्या मधोमध, ओठ म्हणून. “अरे, अन्न हे पूर्णब्रह्म! आणि तू त्याला मिशा लावतोस? वहिनी, तुम्ही तरी याला बोला!” आई म्हणाली, “वन्सं, नीट बघा तरी, कोण आहे ते.” आत्या त्याच वाड्यात वाढलेली. तिनं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मला म्हणाली, “चष्मा कुठाय? त्याला चष्मा होता.” मी पडवळाच्या दोन चकत्या आणून लावल्या. त्या दिवशी दोघींनी मिळून मालकांना संपवलं.

अन्नाशी खेळ म्हणजे अपमान, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक दाखला. इटलीचा चित्रकार आर्चिंबोल्दो. १५९० च्या सुमारास त्यानं सम्राट दुसऱ्या रुडॉल्फचं चित्र केलं, ते सगळं फळंभाज्यांचं. नाक पेअरचं, पापण्या मटाराच्या शेंगांच्या. सम्राट खूश झाला. त्याचं आणखी एक चित्र आहे, भाजीच्या भांड्याचं, उलटं धरलं की माळी दिसतो, ते...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे छापलेला विषय आता पाच मिनिटांत.

भराभर सांगतो. पहिलं रंगाचं. मोतीबिंदूच्या डोळ्यांना पांढऱ्या ताटलीतला पांढरा भात वेगळा दिसत नाही. स्टीलचं ताट ट्यूबलाइटखाली चकाकतं, ते वेगळंच. २००४ साली बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी बळावलेल्या अल्झायमरच्या रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. पांढऱ्याऐवजी गडद लाल भांडी दिली, तर रुग्णांनी अन्न सुमारे २५ टक्के जास्त खाल्लं. रुग्ण मोजकेच होते, त्यामुळे फार उड्या मारू नका. पण गडद निळ्यानंही फरक पडला, फिकट रंगांनी नाही. आपल्याकडे केळीचं पान आहेच. हिरव्यावर पांढरी मूद, वर पिवळं वरण. हे आपल्या आज्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

दुसरं, ताटातलं सगळं खाता आलं पाहिजे. डोळ्यांना लवंग नको, जोडायला टूथपिक नको. ज्यांना गिळायला त्रास आहे त्यांच्यासाठी नाक गाजराचं असेल तर ते शिजवून कुस्करलेलं, आणि कच्ची काकडी, पापड बंद. त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. साखरेचा आजार असेल तर गूळ सजावटीलाही नको.

तिसरं, आणि हे मला सविस्तर बोलायचं होतं: चित्र त्यांच्या आठवणीतलं काढा. बाळाला काढतो तसा ससा काढून ‘हा घास चिऊचा’ सुरू केलंत, तर त्या ताट ढकलतील, आणि बरोबरच करतील. त्यांचा हेडमास्तर काढा, त्यांची नणंद काढा. ज्याच्यावर त्यांचा राग आहे, तो उत्तम. वडिलांना विचारा, ऑफिसात कोणता साहेब नकोसा होता.

अध्यक्ष उठले. एकच राहिलं. ताट पुढे ठेवलं की फोटो काढत बसू नका, भात गार होतो.