मजुरीचा रकाना

(दृश्य: पहाट. अंगणात बांबू चिरल्याचा आवाज. चेहरा अजून दिसत नाही.)

चंद्रपूरहून मूलकडे निघालं की वाटेत चिचपल्ली लागतं. बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र तिथलंच. या पट्ट्यातल्या गावांमध्ये, वस्तीच्या कडेला, बुरडांची, म्हणजे बांबूकाम करणाऱ्यांची, घरं असतात. पत्ता विचारावा लागत नाही. कोयता पेरात रुतल्याचा एक ठोका येतो, मग लांबलचक चरचर. तिकडेच जायचं.

पुरुष बांबू आणतो, चिरतो. कमच्या, म्हणजे बांबूच्या पातळ पट्ट्या, सोलायच्या, तासायच्या आणि विणायचं, हे बाईकडे. सुपामागे जास्त तास तिचे जातात. अशाच एका विणणारीला आम्ही विचारलं, सुपामागे किती तास पडतात? ती हसली. असा हिशोब कोणी मांडलाच नव्हता.

(दृश्य: हात. फक्त हात.)

केंद्रातून प्रशिक्षणाचं बोलावणं आलं तेव्हा तिनं साहेबांना तोंडावर विचारलं होतं, "आमाले काय शिकवता जी? कमच्याच्या आवाजातच लहानाची मोठी झालो मी."

प्रश्न रास्त होता. मानवेल जवळजवळ भरीव, काटंग जाड, पोकळ नि काटेरी. कुठला बांबू कशाला चालेल, हे ती नखानं टोचून सांगते. हिरवा बांबू हातात वळतो, वाळलेला तडकतो. विणकाम शिकवायला गेलेला माणूस तिच्यापुढे विद्यार्थीच ठरतो.

तिच्याकडे नव्हती ती फुटपट्टी.

तिची मापं म्हणजे वीत, मूठ, चार बोटं. घरच्या सुपाला ती पुरतात. पण शहरातलं दुकान पन्नास ट्रे मागतं तेव्हा पन्नासही एकमेकांत बसावे लागतात. पहिल्या खेपेला तिच्या बचत गटाचे निम्मे ट्रे परत आले. हात वेगवेगळे, विती वेगवेगळ्या! आता दारामागे खिळ्याला एक टेप लटकतो. शेजारीण तो मागायला येते, तर ही आधी विचारते, परत कधी देशील?

दुसरी गोष्ट भुंगेऱ्याची. बांबूतल्या पिठूळ अंशाला तो लागतो आणि आतून भुकटी करतो. दुकानात ठेवलेल्या वस्तूखाली पिवळी पूड दिसली की गिऱ्हाईक परत येत नाही. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात कमच्या भिजवायच्या, मग सावलीत वाळवायच्या. जुनी माणसं बांबू वाहत्या पाण्यात बुडवून ठेवत, त्यामागचं कारण इथं आल्यावर कळलं, असं ती म्हणाली.

आणि तिसरी गोष्ट, वहीतला एक रकाना. त्याच्यावर लिहिलंय: मजुरी.

(दृश्य: वही. बॉलपेनची निळी अक्षरं, मधेमधे खोडलेली.)

आजवर हिशोब सरळ होता. बांबू इतक्याचा, सूप तितक्याला, उरलं ते घरात. उरलं नाही, तर नशीब. शिवाय बांबू बहुतेक वेळा उधारीचा. व्यापारी बांबू टाकून जायचा आणि माल त्याच्याच भावानं उचलायचा. दिवाळीनंतर धान निघालं की सुपाला मागणी, लग्नसराईत टोपल्यांना मागणी, पण तेव्हा माल तिच्या हातात नसायचा. तो आधीच उधारीत गेलेला असायचा.

म्हणून कर्ज. पण कर्जातही फरक असतो. आठवड्याला हप्ता मागणाऱ्या कंपन्यांची माणसं गावात कमी नाहीत, आणि आषाढ-श्रावणात बांबू ओला, माल बुरशीला आलेला असतो. विक्री थांबते, हप्ता थांबत नाही. रोवणीची मजुरी हप्त्यातच जाते. बचत गटांना बँकेशी जोडायला नाबार्डनं, म्हणजे शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेनं, १९९२ साली सुरुवात केली. गटाचं कर्ज बिनतारण, हमी एकमेकींची. तिच्या गटानं एकच ठरवलं: पहिला पैसा बांबूवर. मोबाईल नाही, लग्न नाही, आधी बांबू. उधारी तिथं तुटली.

कारागिरांसाठी केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना आली सप्टेंबर २०२३ मध्ये. अठरा व्यवसायांत टोपल्या, चटया, झाडू बनवणारेही आहेत. प्रशिक्षणाला दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार, पहिलं कर्ज एक लाखापर्यंत, पाच टक्क्यांनी. चांगलं आहे. पण लाभ घरटी एकालाच. चिरणारा तो, विणणारी ती. अर्जावर नाव कोणाचं? तिच्या घरी या प्रश्नावर दोन दिवस चूल अबोल होती. शेवटी नवराच म्हणाला, "तुयंच टाक. हिशोब तुलेच येते."

(दृश्य: दुपार. मोटारसायकलवर व्यापारी. मागे रिकाम्या गोण्या.)

आम्ही तिथंच होतो म्हणून हे टिपलं गेलं. तो जुनाच भाव बोलला. तिनं वही उघडली, बोट रकान्यावर ठेवलं आणि आकडा वाचला. तो हसून शेजारच्या अंगणात गेला. तिथं तोच आकडा. तिसऱ्या दारात तोच.

मग तो मोटारसायकलवर येऊन बसला. किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही.

ती विणतच होती.