काकूंचा पहिला प्रश्न: शेवट गोड आहे नव्हं?

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? आवाज नीट येतोय ना, कारण बाहेर पाऊस आहे, आणि आमच्या बेळगावातल्या वडगावात पाऊस थांबला तरी विणकरांच्या मागांचा खडखडाट थांबत नाही, म्हणून मी मुद्दाम करंट गेल्यावर शूट करायला बसलेय. फोन फुल चार्ज आहे, खिडकीतून उजेड येतोय, चला सुरू करूया.

आजचा विषय आहे हलक्याफुलक्या प्रेमाच्या कादंबऱ्या, म्हणजे ज्याला आपण रोमकॉम म्हणतो ते. त्यात एवढं काय असतं की माणूस स्वयंपाकाचं विसरून वाचत बसतो?

सुरुवात आमच्या शेजारच्या काकूंपासून करते. काकू सुताच्या कांड्या भरतात, मागासाठी. गेल्या पावसाळ्यात असाच एकदा दुपारी करंट गेला, सगळी गल्ली एकदम शांत, आणि मी कट्ट्यावर बसून पुस्तक वाचत होते आणि एकटीच हसत होते. काकू बाहेर आल्या, म्हणाल्या, "काय वाचालीस गं एवढं हसत?" मी म्हटलं, एक मुलगी आहे, एक मुलगा आहे, दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही, पण तिच्या बहिणीचं आणि त्याच्या भावाचं लग्न ठरलंय, म्हणून रोज एकमेकांचं तोंड बघावं लागतंय. काकूंनी पायरीवर बसकण मारली आणि पहिला प्रश्न काय विचारला माहितेय? "शेवट गोड आहे नव्हं? मग सांग की."

मुलगी कोण, मुलगा काय करतो, हे काही नाही, आधी शेवट. आणि मला त्या क्षणी वाटलं की या बाईने या सगळ्या पुस्तकांचं मर्म एका वाक्यात सांगितलं.

आपल्याला नेहमी काय सांगितलं जातं, की शेवट कळला की मजा गेली. रहस्यकथेत ठीक आहे. पण रोमकॉममध्ये शेवट पहिल्या पानालाच माहीत असतो, ही दोघं एकत्र येणार, आणि तरी आपण तीनशे पानं वाचतो. का? तर शेवटाची काळजी मिटली की लक्ष मोकळं होतं. मग आपण बघतो की ती कशी बोलली, तो कसा गप्प झाला, चहाचा कप देताना हात कसा थबकला. काय होणार यातून सुटका झाली की कसं होणार याची मजा घेता येते. आपल्याकडे रामायण-महाभारत असंच ऐकतात ना, शेवट कुणाला माहीत नसतो? तरी कीर्तनात लोक पुढे सरकून बसतात.

2011 मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोमधल्या दोन संशोधकांनी एक प्रयोग केला होता, लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून टाकला, आणि ज्यांना शेवट माहीत होता त्यांनाच कथा थोडी जास्त आवडली. आता नंतरच्या काही अभ्यासांत याच्या उलटही दिसलंय, म्हणून मी हे छातीठोकपणे सगळ्या पुस्तकांना लावणार नाही. पण मला त्याहून जास्त भिडलेला अभ्यास जॅनिस रॅडवे या अमेरिकन बाईंचा आहे. त्यांनी एका गावातल्या प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांशी बसून बोलून 1984 मध्ये पुस्तक लिहिलं. त्या बायकांमधल्या कितीतरी जणी पुस्तक विकत घेण्याआधी शेवटचं पान वाचून बघायच्या. आपल्या काकूंसारख्याच!

आणि त्या बायका अजून एक गोष्ट सांगायच्या. दिवसभर नवरा, मुलं, घर, सगळ्यांचं बघायचं, सगळ्यांचं मन सांभाळायचं, आणि माझं मन कोण सांभाळणार? तर पुस्तक उघडलं की घरात एक अदृश्य पाटी लागते, आत्ता मला हाक मारू नका. पुस्तकात काय लिहिलंय हे तर आहेच, पण पुस्तक हातात घेऊन बसणं हेच मोठं असतं. मला सांगा, आपल्या घरातली बाई दुपारी नुसती बसलेली कुणाला बघवते का? हातात काहीतरी निवडायला पाहिजे, नाहीतर कुणीतरी विचारणारच, "रिकामी बसलीस काय?" पुस्तक घेऊन बसली की निदान ती काहीतरी करतेय असं दिसतं. रॅडवेबाईंनी पुढे असाही प्रश्न विचारलाय की या वाचनाने घरातली परिस्थिती बदलते का, की तेवढ्यापुरतं बरं वाटून सगळं आहे तसंच चालू राहतं. प्रश्न बरोबर आहे. पण दमलेल्या माणसाला आधी बसायला जागा द्यावी, मग प्रश्न विचारावेत, असं मला वाटतं.

आता जरा आतली मशिनरी बघूया, कारण लोक म्हणतात हलकं म्हणजे सोपं, आणि ते अजिबात खरं नाही. रडवायला एक मरण पुरतं. हसवत हसवत प्रेमात पाडायला लेखकाला पानोपानी जागं राहावं लागतं. एक म्हणजे वाचकाला पात्रांपेक्षा थोडं जास्त माहीत असावं लागतं, तिला वाटतंय तो चिडलाय आणि आपल्याला माहितेय की तो घाबरलाय, त्या फटीत सगळा विनोद राहतो. दुसरं, अडचण बेताची पाहिजे. दोघांनी पाच मिनिटं खरं बोललं तर सुटेल एवढीच अडचण पाहिजे, आणि तरी ती पाच मिनिटं अडीचशे पानं का मिळत नाहीत हे पटलं पाहिजे! ते पटलं नाही की मग आपण पुस्तक आपटतो, "अगं बोल ना एकदाचं" म्हणून.

आणि आता मराठीची एक गंमत सांगते, यावर मी तासभर बोलू शकेन. तुम्ही आणि तू. इंग्रजीत "यू" म्हटलं की संपलं, पहिल्या भेटीतही यू आणि लग्नानंतरही यू. आपल्याकडे दोघं पहिल्यांदा भेटतात तेव्हा "तुम्ही कुठे काम करता", आणि मग कधीतरी भांडताना, घाईत, पावसात, तोंडातून "तू" निघून जातं. आणि दोघंही गप्प. तो एक "तू" म्हणजे अख्खा सीन आहे. किंवा उलट, रोज "तू" म्हणणारी रागावली की एकदम "तुम्ही बसा, मी जाते", संपला विषय, त्या "तुम्ही"ने माणूस गार होतो. हा मसाला आपल्या भाषेत फुकट मिळालाय आणि मराठी रोमकॉम लिहिणाऱ्याने तो वापरला नाही तर मला फार वाईट वाटतं.

आणि आपल्या बेळगावात तर डबल! कन्नडमध्येही नीवु आणि नीनु आहेच. समजा, तो कन्नड घरातला, ती मराठी घरातली, दोघं पहिल्या रेल्वे गेटजवळ उभे, गेट पडलंय, तो पलीकडून हात करून म्हणतो, "बा", म्हणजे ये, आणि खेड्यावरून आलेली ही पोरगी "बा" ऐकून दचकून मागे बघते, की आपले वडील आले की काय. बघा, एका अक्षरात गैरसमज तयार झाला, कुणी वाईट नाही, कुणी खोटं बोललेलं नाही. आपल्या भागाचं नाव बातमीत येतं ते सीमावादासाठी, 1956 पासून तेच. ते दुःख खरं आहे, आमच्या घरातल्या मोठ्यांनी ते सोसलंय, मी ते लहान करत नाही. पण याच गावात रोज दोन भाषांत उधारी चालते, भांडणं मिटतात, कुंद्याचा, म्हणजे आपल्या इथल्या मिठाईचा, बॉक्स घेऊन सोयरिकी बघायला जातात. एवढं हसरं आयुष्य इथे आहे आणि त्यावर एक हलकीफुलकी कादंबरी मला हवी आहे. कुणी लिहिताय का? प्रतिलिपी, ती फोनवर गोष्टी लिहायची-वाचायची सोय, तर आपल्याच बेंगळुरूची कंपनी आहे, 2014 पासून आहे, मराठीतही आहे, रोज एक भाग टाकला तरी लोक वाचतात. मी पहिली वाचक.

बरं, आता तो एक आरोप. हे सगळं पळपुटं वाचन आहे म्हणे.

हा वाद आपल्याकडे जुना आहे. इथून दोन-अडीच तासांवर कोल्हापूर, तिथे ना. सी. फडके प्रोफेसर होते, कलेसाठी कला म्हणणारे, आणि वि. स. खांडेकरही कोल्हापुरातच राहिले, जीवनासाठी कला म्हणणारे. खांडेकरांना पुढे ज्ञानपीठ मिळालं, आणि फडक्यांच्या प्रेमकथा लोकांनी तरुणपणी रात्र रात्र जागून वाचल्या. मी दोघांनाही नमस्कार करते, कुणाला एकाला निवडत नाही.

पण पळून जाणं या शब्दावर मला बोलायचंय. लॉर्ड ऑफ द रिंग्ज लिहिणाऱ्या टॉल्किन यांनी 1939 मध्ये स्कॉटलंडमध्ये एक व्याख्यान दिलं होतं, त्यावरून पुढे लिहिलेल्या लेखात ते म्हणतात की लोक दोन गोष्टींची गल्लत करतात, कैद्याची सुटका आणि रणांगणातून पळालेला सैनिक. तुरुंगातल्या माणसाला बाहेरचं जग आठवलं, तो त्याबद्दल बोलला, तर त्यात त्याचा काय दोष?

आणि हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. जॉर्जेट हेयर नावाच्या इंग्लिश लेखिका होत्या, 1902 ते 1974, जुन्या इंग्लंडातल्या मिश्कील प्रेमकथा लिहायच्या. त्यांची पहिली गोष्ट त्यांनी सतराव्या वर्षी आजारी भावाचं मन रमावं म्हणून रचली होती, ती 1921 मध्ये पुस्तक म्हणून आली. पुढे कधीतरी त्यांना रोमानियातून एका बाईंचं पत्र आलं. त्या राजकीय कैदी होत्या, बारा वर्षं तुरुंगात, पुस्तक नाही, काही नाही. त्यांनी हेयरबाईंची एक विनोदी प्रेमकथा आठवून आठवून सोबतच्या कैदी बायकांना सांगितली, पुन्हा पुन्हा, आणि त्यावर त्या सगळ्या तगल्या. बारा वर्षं! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले होते. कारण मला माझ्या अकरा रात्री आठवल्या.

तीन वर्षांपूर्वी आईला ॲडमिट केलं होतं. रात्री मी तिच्या बेडशेजारच्या खुर्चीत. सकाळी रिपोर्ट येणार, काय येणार कुणाला माहीत नाही, डॉक्टर बघू म्हणतात, आपण हो म्हणतो. त्या रात्री मी सोबत नेलेलं एक जाडजूड गंभीर पुस्तक उघडलं आणि दोन पानांत मिटलं, डोक्यात काही शिरेना. मग फोनमधली एक रोमकॉम उघडली, आधी वाचलेलीच, आणि अकरा रात्रींत ती तीनदा वाचली. भेटायला आलेलं एक माणूस म्हणालं सुद्धा, अशा वेळी असलं काय वाचतेस. तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. आज सांगते, माझ्या आयुष्यातल्या गोष्टीचा शेवट मला माहीत नव्हता, म्हणून मी अशी गोष्ट धरून बसले होते जिचा शेवट मला माहीत होता. पहाटे चारला आई जागी झाली, म्हणाली, "काय वाचालीस?" मी हळू आवाजात एक भांडणाचा सीन वाचून दाखवला आणि ती हसली, सलाईनचा हात सांभाळत हसली. आई आता बरी आहे, आत चहा करतेय.

एक मात्र सांगते, सगळंच हलकं वाचन चांगलं असं मी म्हणणार नाही. नायक अरेरावी करतो, मुलीचा नकार म्हणजे लाजणं समजतो, मनगट धरतो आणि लेखक त्याला प्रेम म्हणतो, असली पुस्तकं मला हलकी वाटतच नाहीत, छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. ज्या गोष्टीत मुलगी निर्धास्त नाही तिथे वाचक कुठून निर्धास्त होणार.

कुठून सुरुवात करू असं विचाराल तर वाचनालयात जा. आपलं सार्वजनिक वाचनालय 1848 पासून आहे, कुठल्याही जुन्या वाचनालयात हातांनी मऊ पडलेल्या कादंबऱ्यांचं कपाट असतं, त्यातली सगळ्यात जास्त फाटलेली उचला. वाचायला जमत नसेल तर ऑडिओ ऐका.

काकूंना मात्र ऑडिओ नको असतो, त्यांना मीच पाहिजे. त्या पावसाळ्यात करंट जाईल तसतसं मी त्यांना ते पुस्तक सांगत गेले, मग हळूहळू गल्लीतल्या अजून दोघी यायला लागल्या, त्यातल्या एक अक्का घरी कन्नड बोलणाऱ्या, त्यांना मधेमधे काकू अर्धं कन्नडमधून सांगायच्या आणि सांगताना स्वतःचं थोडं घालायच्या, मुलाची आई जरा जास्तच खाष्ट करायच्या. शेवटच्या दिवशी मी ते दोघं एकमेकांशी खरं बोलतात त्या सीनपर्यंत आले, मुलीच्या तोंडून पहिल्यांदा "तू" निघणार, एवढ्यात करंट आला आणि सगळ्या गल्लीत एकदम माग सुरू झाले, खडखडाट, काही ऐकू येईना. काकू उठल्या नाहीत. कांड्या तशाच ठेवल्या, माझ्या तोंडाजवळ कान आणला आणि ओरडल्या, "हं, मग? काय म्हणाली ती?"